पिंगळे, ब्रँच मेकॅनिकल

२३ मार्चला आमच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांचा फोटो लागतो. यंदा हार घालताना रेक्टर सर म्हणाले, "अरे, तुमच्याच ब्रँचचा एक जण याच तारखेला पकडला गेला होता, माहितीये का?" आम्हा मेकॅनिकलवाल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. लाज वाटली, म्हणून लायब्ररी गाठली. तिथे सापडलं ते सांगतो.

विष्णू गणेश पिंगळे. जन्म १८८८, गाव तळेगाव ढमढेरे. (राजगुरूही पुणे जिल्ह्यातलेच, खेडचे.) १९११ साली पिंगळे अमेरिकेला गेले आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मेकॅनिकल शिकू लागले. त्याच किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या पंजाबी मजुरांनी १९१३ मध्ये गदर पक्ष उभा केला. पिंगळे त्यात गेले. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं. गदरवाल्यांचा हिशोब सरळ होता: गोरी फौज युरोपात अडकली, इथल्या छावण्यांत उरले ते बहुतेक आपलेच शिपाई. ते उलटले की राज्य कोसळलं! नोव्हेंबर १९१४ मध्ये पिंगळे करतारसिंग सराभांबरोबर कलकत्त्याला उतरले. करतारसिंग तेव्हा फक्त १८ वर्षांचे, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरचे.

पिंगळ्यांचं काम कपलिंगचं. काशीत लपलेल्या रासबिहारी बोसांची आणि पंजाबातल्या गदरवाल्यांची गाठ त्यांनी घालून दिली. उठाव २१ फेब्रुवारी १९१५ ला ठरला. पण कृपालसिंग हा पोलिसांचा खबऱ्या आत शिरला होता. संशय आल्यावर तारीख १९ वर आणली, तर तीही त्याने पोचवली. धरपकड झाली, उठाव फसला.

मी अडकलो तो यापुढे. उरलेले लपतछपत होते, रासबिहारी पुढे मे महिन्यात जपानला निसटले. पिंगळे मात्र मीरतला बाराव्या घोडदळाच्या लाइनीत शिरले, जवळ दहा बॉम्ब! २३ मार्चला तिथेच पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात करतारसिंगांसह सात जणांना फाशी झाली. पिंगळे २७ वर्षांचे होते.

मला विचाराल तर मीरतला जाणं हा अविचार होता. इतका मोठा कट फुटल्यावर पुन्हा छावणीतच जायचं? रूममेट म्हणतो, "शिपायांना शब्द दिला असेल, तर तू काय केलं असतंस?" रात्री दोन वाजेपर्यंत भांडलो, मिटलं नाही.

पुढच्या २३ मार्चला बोर्डावर पिंगळ्यांचाही फोटो लागणार आहे. रेक्टर सरांनी परवानगी दिलीये, फ्रेमचे पैसे थर्ड इयर मेकॅनिकलने काढायचे आहेत.