‘कोबाल्ट ब्लू’ : एका घरातील दोन एकटेपण

मराठीतील प्रथमतारुण्याच्या कादंबऱ्यांचा विचार करताना भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) यांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. दोन्ही कादंबऱ्यांत अनुभव घेणारा ‘मी’ एकच आहे. पांडुरंग सांगवीकर वा मुकुंद जोशी यांना जे दिसते, तेवढेच वाचकाला दिसते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या छोटेखानी कादंबरीत मात्र निवेदक दोन आहेत आणि ते सख्खे भाऊबहीण आहेत. निवेदनाची ही दुहेरी रचना आशयाशी कशी निगडित आहे, हे पाहणे उद्‌बोधक ठरते.

कथानक थोडक्यात असे : पुण्यातील जोशी कुटुंब घरातील एक खोली एका तरुण चित्रकाराला भाड्याने देते. त्याला आडनाव नाही, नातेवाईक नाहीत, भूतकाळाविषयी तो बोलत नाही. महाविद्यालयात शिकणारा, घुमा तनय त्याच्या प्रेमात पडतो. धीट, डोंगर-भटकंतीत रमणारी अनुजाही त्याच्या प्रेमात पडते आणि एके दिवशी त्याच्यासोबत घर सोडून जाते. काही महिन्यांनी ती एकटीच परत येते. तो नाहीसा झालेला असतो.

पहिला भाग तनयचा. तो त्या अनुपस्थित माणसाला उद्देशून बोलतो. त्याची स्मृती सरळ रेषेत चालत नाही. तेच प्रसंग, त्याच वस्तू पुनःपुन्हा येतात. ज्याच्या दुःखाला घरात नावच नाही, त्याला ते दुसऱ्या कोणापुढे मांडता येत नाही. म्हणून जो ऐकू शकत नाही त्यालाच सांगावे लागते. दुसरा भाग अनुजाच्या दैनंदिनीचा. तिचे वाक्य तुटक, नेमके आणि पुढे जाणारे आहे. तिचे दुःख घराला ठाऊक आहे. किंबहुना ते सर्वांच्या चर्चेचा विषय झाले आहे. तिच्यावर उपचार होतात, तिच्या भवितव्याची चिंता केली जाते. तनयच्या वाट्याला यातील काहीही येत नाही.

येथे भावंडांमधील दुराव्याचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. भांडण, मत्सर, वाटणी ही भाऊबंदकीची परिचित कारणे येथे प्रधान नाहीत. एकाच माणसाने सोडून गेल्याचे दुःख दोघेही एकाच छपराखाली भोगतात. पण ते परस्परांना सांगण्याची भाषा त्यांच्या मध्यमवर्गीय घराने त्यांना दिलेली नाही. दोन्ही निवेदने एकत्र येतात ती केवळ वाचकाच्या मनात. या दृष्टीने कादंबरीला ‘समलिंगी प्रेमाची कादंबरी’ एवढ्याच चौकटीत बसविणे अपुरे ठरते. तथापि ती ओळख पुसून टाकणेही तितकेच चुकीचे आहे. कारण तनयच्या मौनामागे कुटुंबासह कायदाही उभा आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ अशा संबंधांना गुन्हा मानत होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविले.

जेरी पिंटो यांच्या २०१३ मधील इंग्रजी अनुवादामुळे ही कृती मराठीबाहेर पोहोचली. कुंडलकरांनी स्वतः दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ मध्ये आला. त्यात घटनास्थळ पुण्याऐवजी कोची आहे. पुण्यातील घराचा विशिष्ट संस्कार त्यात ओसरतो, ही बाब तौलनिक अभ्यासकाने नोंदविण्याजोगी आहे.

वऱ्हाडातील अध्यापकाला ही कादंबरी शिकविताना एक अडचण जाणवू शकते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) दारिद्र्याचा दाह तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला ओळखीचा वाटतो, पुण्यातील सुस्थित घरातील चित्रकार पाहुणा त्याला परका वाटण्याचा संभव असतो. परंतु शिक्षणासाठी अकोल्यात वा अमरावतीत भाड्याची खोली घेऊन राहणे त्याला नवे नाही. घरमालकाच्या घरात वावरूनही त्या घरचे न होणे त्याने पाहिलेले असते. त्या अनुभवापासून आरंभ केल्यास कादंबरीतील पाहुणा आणि तनय, दोघेही त्याच्या जवळ येतात. वर्गातील शेवटच्या बाकावर कधीही न बोलणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला, आपल्यासारखे कोणी मराठी पुस्तकात यापूर्वीच बोलून गेले आहे, हे यातून कळू शकते. अभ्यासक्रमात या कृतीला स्थान देण्याचा विचार करताना वाङ्मयीन निकषांच्या बरोबरीने हेही ध्यानात घेणे उचित होईल.