एचआयडी किट : उजेड वाढतो, रस्ता दिसत नाही

आदिलाबादवरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, जुना सात नंबर आणि आताचा ४४, चौपदरी आहे. मधे दुभाजक असल्यामुळे समोरून येणाऱ्याच्या लाइटचा त्रास तिथे त्या मानाने कमी. महामार्ग सोडून जैनथ, बेला, कोरपन्याकडे किंवा तलमडगू, किनवटच्या बाजूला वळलं की गोष्ट बदलते. रस्ता एकपदरी, कड खचलेली, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. कापूस वेचणीला लागला की संध्याकाळनंतर याच रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलबंड्या असतात. कित्येक ट्रॉल्यांच्या मागचा दिवा बंद असतो, बंडीला तर तो नसतोच. अशा रस्त्यावर गाडीचा मूळ लाइट कमी पडतो ही तक्रार खरी आहे. अॅक्सेसरीच्या दुकानात तिच्यावर जो उपाय मिळतो, तो मात्र चुकीचा आहे.

‘एचआयडी टाकलं की उजेड दुप्पट होतो’ हे वाक्य दुकानदार अगदी खात्रीने सांगतो, आणि आकड्यापुरतं ते खरंही आहे. साध्या एच-फोर हॅलोजन बल्बचा डिपरचा उजेड सुमारे १००० ल्युमेन आणि अपरचा सुमारे १६५० ल्युमेन असतो. कंपनीच्या एचआयडी, म्हणजे झेनॉन बल्बमधून ३२०० ल्युमेनपर्यंत उजेड निघतो, तोही ५५ ऐवजी ३५ वॅटमध्ये. कारण त्यात तार तापत नाही. झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार भरलेल्या काचेच्या छोट्या कुपीत दोन टोकांमध्ये विजेचा कंस पेटतो. तो पेटवायला क्षणभर २० हजार व्होल्टच्या वर दाब लागतो आणि ते काम बॅलास्ट करतो. हे तंत्र उत्तमच आहे. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजमध्ये ते पहिल्यांदा आलं, तेव्हा त्याच्यासोबत त्याच्यासाठीच घडवलेला दिवाही आला होता. किटमध्ये हा दिवा नसतो. फक्त बल्ब आणि बॅलास्ट मिळतो.

सगळी गडबड इथेच आहे. एच-फोर बल्ब हातात घेऊन नीट पाहा. आत दोन तारा दिसतील आणि त्यांपैकी पुढच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी. ही डिपरची तार. वाटीमुळे तिचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर वळतो. वाटीची एक कड १५ अंश तिरकी कापलेली असते. त्यामुळे भिंतीवर डिपरच्या उजेडाची वरची रेघ डावीकडे थोडी चढलेली दिसते. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या कडेचा माणूस किंवा बंडी लांबून दिसावी आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत काही जाऊ नये, एवढा विचार त्या वाटीत आहे. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. तिथे मिलिमीटरभर फरक पडला तरी उजेड भलतीकडे जातो.

किटच्या बल्बमधला कंस तारेच्या आकाराचा नसतो. तो किंचित वर वाकलेला असतो, दोन्ही टोकांशी जास्त प्रखर असतो आणि त्याच्याभोवती तापलेल्या वायूचा झळाळ पसरलेला असतो. एच-फोरच्या किटमध्ये डिपर-अपर करायला एक छोटं चुंबक सगळा बल्बच पुढेमागे सरकवतं. वाटीच्या जागी पत्र्याचं एक टोपण असतं. ही रचना तारेच्या जागेची बरोबरी करू शकत नाही. मग तिप्पट उजेडातला बराचसा उजेड रेघेच्या वर उडतो, म्हणजे समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जातो. उरलेला बोनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये सांडतो.

‘पण मला तर लख्ख दिसतं’ असं किट बसवणारा प्रत्येक जण म्हणतो. तो खोटं बोलत नाही. जवळचा रस्ता पांढराशुभ्र झाल्यावर डोळ्याला भरपूर उजेड असल्यासारखं वाटतं. पण त्या जवळच्या झगझगाटाने बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावरही पूर्ण थांबायला ६५-७० मीटर लागतात. तेव्हा उपयोगाचा असतो तो ६०-७० मीटरवरचा उजेड, आणि किट नेमका तोच बिघडवतो. समोरच्याचे डोळे दिपल्यावर ते परत रुळायला काही सेकंद जातात, वय झालेल्या माणसाला त्याहून जास्त. तेवढ्या वेळात तो कडेने चाललेल्या बंडीवर जाऊ शकतो. किट बसवणाऱ्याला मागे काय झालं ते कधी कळतही नाही. माझ्या मते किट न घेण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

रंगाविषयीही गैरसमज आहेत. किटच्या डब्यावर ६०००, ८००० असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे जास्त पॉवर असं ग्राहक समजतो. हे आकडे केल्विनचे, म्हणजे उजेडाच्या रंगाचे आहेत. हॅलोजन ३२०० च्या आसपास पिवळसर असतो. गाड्यांच्या कंपन्या झेनॉनसाठी साधारण ४३०० चा बल्ब वापरतात. ८००० च्या बल्बचा उजेड निळा पडतो आणि ल्युमेन उलट कमी होतात. शिवाय तितकाच उजेड निळसर असला, तर तो समोरच्याला जास्त खुपतो.

‘धुक्यात पिवळा लाइट आरपार जातो’ हेही अर्धवट खरं. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात, की ते पिवळा आणि पांढरा दोन्ही जवळपास सारखेच उधळतात. फ्रान्सने कित्येक दशकं गाड्यांना पिवळ्या लाइटची सक्ती केली आणि १९९३ मध्ये ती सोडून दिली. पिवळा उजेड डोळ्यांना सुसह्य वाटतो, इतकंच. डिसेंबर-जानेवारीत पैनगंगेकाठी पहाटे धुकं दाटतं, तेव्हा कामी येतो तो खाली बसवलेला आणि वरून सपाट कापलेला फॉग लाइट. अपर लावला किंवा किटचा विखुरलेला उजेड असला, तर समोर पांढरी भिंतच उभी राहते.

कायद्याबद्दल ‘सगळेच लावतात, कोण विचारतं’ असं म्हटलं जातं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमाप्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत कायम इतका खाली वळलेला हवा, की ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या अंगाला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपू नये. स्कूटीवरच्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये गाडीत परवानगीबाहेर बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. युरोपचे नियम याहून बारीक आहेत. तिथे २००० ल्युमेनच्या वरच्या डिपरला काच धुणारी यंत्रणा आणि आपोआप उंची सावरणारी यंत्रणा सक्तीची केली गेली, कारण इतक्या प्रखर दिव्याच्या काचेवरची धूळसुद्धा उजेड वर उडवते. आपल्याकडे काचेवर काळ्या मातीचा थर असतो हे वेगळं सांगायला नको.

आपल्या गाडीचा दिवा कशासाठी घडवलाय, हे बऱ्याच गाड्यांच्या काचेवरच कोरलेलं असतं. इंग्रजीत ‘एचसीआर’ किंवा ‘एचआर’ अशी अक्षरं दिसली, तर तो हॅलोजनचा. ‘डीसीआर’ असेल, तर झेनॉनचा. पहिल्यात दुसरा बल्ब घालू नये. एलईडीच्या किटलाही हेच लागू आहे. जर्मनीने २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी घालायच्या एका एलईडी बल्बला परवानगी दिली, तीसुद्धा तपासून पाहिलेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच.

मग लाइट वाढवायचा कसा? आधी बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचतंय का ते मीटर लावून बघायला सांगा. जुन्या गाडीत करंट स्विचमधून आणि बारीक वायरमधून फिरून येतो. १० टक्के व्होल्टेज गळालं, तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. फ्यूज असलेलं रिले-वायरिंग आणि नामांकित कंपनीचा ६०/५५ वॅटचा नवा बल्ब एवढ्याने बऱ्याच गाड्यांचं काम होतं. ९०/१०० वॅटचा बल्ब नको, तो होल्डर वितळवतो. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटांचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. दिव्याची बाहेरची काच पिवळी पडली असेल, तर आधी ती पॉलिश करून घ्या.

शेवटी झोत लावणं. हे काम फुकट होतं, आणि सर्वांत जास्त फरकही त्यानेच पडतो. टायरची हवा बरोबर करा, ड्रायव्हरच्या जागी कुणाला तरी बसवा आणि सपाट जागेवर गाडी भिंतीला भिडवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची खडूने मांडा. मग गाडी सरळ १० मीटर मागे घ्या आणि डिपर लावा. दिव्यावर किंवा बोनेटखाली एक टक्का, १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. एक टक्का म्हणजे १० मीटरवर उजेडाची सपाट रेघ खडूच्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली हवी, १.२ असेल तर १२. डिकीत पोती आणि मागे तीन माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं आणि हा हिशेब बिघडतो. त्यासाठीच स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं चाक दिलेलं असतं. वजन वाढेल तसा आकडा वाढवायचा आणि गाडी रिकामी झाली की तो पुन्हा शून्यावर आणायचा.