अशासकीय विधेयकामागील शासनाचा हात

मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक म्हणजे अशासकीय विधेयक. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात सुमारे वर्षभराच्या प्रत्येक अधिवेशनात अशा विधेयकांसाठी साधारणतः १३ शुक्रवार राखून ठेवण्यात येतात. सोडतीत २० सदस्यांची नावे निघतात. खरी संधी पहिल्या सातांनाच लाभते. तथापि सोडतीत नाव निघालेल्या सदस्याजवळ विधेयक तयार असतेच असे नाही. नेमक्या याच ठिकाणी शासन पुढे येते.

निरनिराळी खाती आपल्या गरजेची लहान विधेयके सुचवितात आणि मंत्रिमंडळाची समिती त्यांतून निवड करते. धोरण ठरलेले असावे, खर्च बेताचा असावा, विरोध फारसा नसावा आणि शासनाच्या स्वतःच्या कार्यक्रमात त्यास जागा मिळालेली नसावी, अशी साधारण कसोटी असते. विरोधाची कसोटी सर्वांत महत्त्वाची होय. कारण शुक्रवारी दुपारी अडीच वाजता चर्चेविना पुकारलेले विधेयक एका सदस्याच्या आक्षेपानेही अडते. निवडलेली विधेयके सदस्यांपुढे ठेवण्याचे काम प्रतोद करतात. ती स्वीकारण्याचे बंधन सदस्यावर नसते. परंतु स्वीकारल्यास मसुदा शासनाचे प्रारूपकार करून देतात. सार्वजनिक खर्चास मान्यता देणारा ठराव मंत्र्यानेच मांडावयाचा असल्याने शासनाची संमती तशीही टाळता येत नाही.

डिसेंबर २०१९ मधील राणीच्या अभिभाषणात कामगारांविषयी एका व्यापक विधेयकाचे आश्वासन होते. ते विधेयक आलेच नाही. मात्र रुग्णालयात ठेवाव्या लागलेल्या नवजात बालकाच्या पालकांना रजा, आजारी आप्ताची शुश्रूषा करणाऱ्यास रजा, हॉटेलांतील बक्षिशीचे न्याय्य वाटप हे विषय २०२३ मध्ये शासनाच्या पाठिंब्याने वेगवेगळ्या अशासकीय विधेयकांतून कायद्यात आले. पुरस्कर्त्यांत विरोधी पक्षांचे सदस्यही होते. नवजात बालकांच्या पालकांची ही रजा ६ एप्रिल २०२५ पासून लागू झाली.

पालकांच्या पदरात रजा पडली, हे खरेच. परंतु सदस्याच्या वाट्याचा शुक्रवार शासनाच्या शिल्लक कामासाठी वापरला जावा काय, हा प्रश्न उरतो. अनेक तुकड्यांत आलेल्या कायद्याचा एकत्रित विचार सभागृहात होत नाही, हा दोष तर उघडच आहे.

भारतात प्रवाह उलट दिशेने वाहतो. संसदेने १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक संमत केलेले नाही. बहुधा मंत्र्यांच्या आश्वासनावर सदस्य ते मागे घेतात. तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयी तिरुची शिवा यांचे विधेयक राज्यसभेने २०१५ मध्ये संमत केले होते. कायदा मात्र २०१९ मध्ये झाला, तो शासनाच्या वेगळ्या विधेयकाद्वारे.