गावाला धड रस्ता नव्हता, पण पोरं जपानी शिकत होती. गाडीवाटच्या शाळेनं हे जमवलं कसं?

सप्टेंबर २०१९. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद शहरापासून साधारण २५ किलोमीटरवरचं गाडीवाट गाव. गावाला जायला धड रस्ता नाही, पण मोबाईलला नेट मात्र आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं चौथी ते आठवीच्या पोरांना एक साधा प्रश्न विचारला, "तुम्हाला कोणती परदेशी भाषा शिकायची आहे?"

इंग्रजी, फ्रेंच असं काहीतरी उत्तर येईल असं कुणालाही वाटलं असतं. पण बहुतेक पोरांनी जपानीचं नाव घेतलं. कारण विचारलं तर त्यांना रोबोट आणि तंत्रज्ञानाचं वेड होतं, आणि रोबोट म्हटलं की जपान.

शिकवणार कोण?

शाळेत जपानी येणारं कुणी नव्हतं, पुस्तकंही नव्हती. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप शोधून सुरुवात केली. ही बातमी शहरातल्या एका जपानीच्या जाणकारापर्यंत पोहोचली. २०२० मध्ये लॉकडाऊन असताना त्यांनी या पोरांचे ऑनलाईन वर्ग मोफत घ्यायला सुरुवात केली.

आता खरी अडचण आली. शाळेत पोरं साडेतीनशेच्या आसपास, त्यातली सत्तरच्या वर जपानी शिकणारी, आणि सगळ्यांकडे स्मार्टफोन कुठून असणार?

यावर शाळेनं शोधलेला उपाय म्हणजे 'विषय मित्र'. ज्याच्याकडे फोन आहे त्यानं ऑनलाईन वर्गाला बसायचं आणि तिथं जे शिकलं ते फोन नसलेल्या मित्रांना शिकवायचं. यासाठी नवीन मशीन आणावं लागलं नाही, की नवीन ॲप घ्यावं लागलं नाही. गावात जे होतं त्यातूनच वाट निघाली. शिवाय दुसऱ्याला शिकवायचं म्हणजे आधी स्वतःला नीट समजलेलं असावं लागतं. त्यामुळे विषय मित्राचाही अभ्यास पक्का होतो.

हे महत्त्वाचं का आहे?

कारण 'फोन आला की शिक्षण आलं' हे गणित अनेकदा चुकतं. 'असर' सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेलं. पण २०२१ च्या 'असर'नं दुसरी बाजूही दाखवली. घरात स्मार्टफोन असूनही साधारण चौथा हिस्सा मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. घरात एकच फोन असेल, तर तो सकाळी मोठ्यांबरोबर कामावर जातो. पोरांच्या हातात येईपर्यंत रात्र होते.

जगातही हेच दिसलं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं शाळकरी पोरांना लाखो लॅपटॉप वाटले. नंतर ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला. त्यात मुलं कॉम्प्युटर जास्त वापरायला लागल्याचं दिसलं, पण गणितात आणि भाषेत फरक पडल्याचा पुरावा सापडला नाही. यंत्र पोहोचलं, पण ते वर्गात कसं वापरायचं याची शिक्षकांची तयारी कमी पडली.

मग जमतं कुठं?

जिथं आधी पोरगं बघितलं जातं आणि मग यंत्र. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यांचं नाव क्यूआर कोडमुळे गाजलं. पण त्याआधीची पायरी बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. शाळेतल्या पोरांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तकं पोरांच्या भाषेत आणली आणि मग त्यात क्यूआर कोड टाकले.

शाळेत नवीन ॲप किंवा टॅब येणार असेल तर काय विचारायचं?

१. हे पोरांच्या घरच्या भाषेत आहे का?
२. ज्याच्या घरी फोन नाही, त्याचं काय?
३. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि रिचार्जचा खर्च कुणाचा?
४. शिक्षकांना आणि पालकांना आधी विचारलं होतं का?

गाडीवाटचा प्रयोग म्हणजे सगळ्यावरचा उतारा नाही. मोफत शिकवणारा माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही, आणि व्हिडिओ बघून शाळेपर्यंतचा रस्ता होत नाही. ती कामं सरकारनंच करायची आहेत.

युनेस्कोनं २०२३ मध्ये शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला. त्याच्या शीर्षकातच एक प्रश्न होता, हे तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर? गाडीवाटच्या शाळेनं तो प्रश्न चार वर्षं आधीच, थेट पोरांना विचारला होता. "तुम्हाला काय शिकायचं आहे?"