गाठीचे माप आणि तेलगावचे मूल

बीड जिल्ह्यातील तेलगावला उसाची गाडी काट्यावर चढते, तेव्हा शेतकऱ्याचे सारे लक्ष काट्याच्या अचूकतेकडे असते. बालकांच्या कर्करोगातही असाच एक काटा आहे. त्यावर पेशीतील डीएनएचे प्रमाण मोजले जाते.

न्यूरोब्लास्टोमा ही तान्ह्या मुलांत आढळणारी गाठ. प्रौढांच्या अनेक कर्करोगांत वाढलेले डीएनए अनिष्ट मानतात. तान्ह्या मुलांच्या या गाठीत ते बहुधा आशादायक ठरते, हे अमेरिकेतील टॉमस लुक व सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिले. आज जनुकांच्या इतर चाचण्यांबरोबर हे माप विचारात घेतात. ते चुकले तर सौम्य औषधाने भागणाऱ्या बालकाला तीव्र औषधे सोसावी लागतात, अथवा कडक उपचारांची गरज असणारे बालक त्यांना मुकते.

मोजण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. फ्लो सायटोमेट्रीत सुट्या केलेल्या पेशी रंगवून लेसरसमोरून एकेक सोडतात. काही मिनिटांत हजारो पेशी मोजल्या जातात. परंतु कोणती पेशी रोगी आणि कोणती निरोगी, हे त्या मापातून दिसत नाही. निरोगी पेशींची गर्दी असेल तर रोगी पेशी तीत हरवतात. दुसऱ्या पद्धतीत फॉयल्गन यांनी १९२४ मध्ये शोधलेल्या रंगक्रियेने काचपट्टीवरील पेशी रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली रोगी पेशी निवडून मोजतात. येथे संख्या शेकड्यांत राहते व वेळ अधिक लागतो. मात्र काय मोजले, हे डोळ्यांना दिसते.

तेव्हा एक पद्धत श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ, हा वाद निरर्थक होय. खरा प्रश्न नमुन्याचा आहे. तेलगावहून मुंबईला पोहोचेतो ताजा नमुना खराब होऊ शकतो. मेणात जतन केलेला तुकडा आणि काचपट्टी टिकते. मेणातील तुकड्यातूनही फ्लो पद्धतीने डीएनए मोजता येते, हे हेडली यांनी १९८३ मध्येच सिद्ध केले. मात्र तुलनेसाठी त्याच तुकड्यातील निरोगी पेशी लागतात, कारण फॉर्मालिनने रंग बदलतो.

महागडे यंत्र प्रत्येक जिल्ह्यात नेणे परवडणारे नाही, आवश्यकही नाही. शस्त्रक्रियेच्या वेळीच गाठीचा ठसा काचपट्टीवर घेण्याची शिस्त मात्र अंबाजोगाईसारख्या ठिकाणी अल्प खर्चात लागू शकते. काटा मुंबईत असला तरी चालेल; माल मात्र खराब न होता काट्यावर पोहोचला पाहिजे.