घोड्याचे औषध घोड्यालाच बरे!

होस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जा, कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक डबा हमखास सापडेल. त्यात क्रोसिनची अर्धी स्ट्रिप, कुणीतरी सोडून गेलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या, आणि नाव पुसट झालेलं एक कफ सिरप असतं. पी.एल. चालू असताना ताप आला की डॉक्टरकडे जायला वेळ कुणाला आहे? मग शेजारच्या रूममधला सीनियर सांगतो, "मला याने एका दिवसात बरं वाटलं होतं, तू पण घे." हे आपल्याकडचं सर्वांत स्वस्त कन्सल्टेशन!

हीच सवय साथीच्या भीतीत सगळ्या जगाला लागली तर काय होतं, हे कोविडच्या काळात दिसलं. लोकांनी चक्क घोड्यांची आणि गाईगुरांची औषधं घेतली. तेव्हा आपण शाळेत होतो, मोबाईलवर वर्ग चालू होते आणि घरातल्या ग्रुपवर रोज नवा रामबाण उपाय येत होता. त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे आयव्हरमेक्टिन.

औषध वाईट नव्हतंच

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. आयव्हरमेक्टिन हे टाकाऊ औषध नाही. जपानचे सातोशी ओमुरा यांना एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीत एक जीवाणू सापडला. अमेरिकेत मर्क कंपनीत काम करणाऱ्या विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्यातून जंतांवरचं औषध काढलं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. पुढे माणसांनाही त्याचा उपयोग होतो हे कळलं आणि १९८७ पासून कंपनीने आफ्रिकेतल्या 'रिव्हर ब्लाइंडनेस' या आंधळेपण आणणाऱ्या रोगासाठी ते फुकट द्यायला सुरुवात केली. या कामासाठी दोघांना २०१५ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्याकडेही ते वापरतात. खरजेसाठी डॉक्टर कधी कधी हीच गोळी लिहून देतात. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली, त्यातलं एक आयव्हरमेक्टिन होतं. पण तिथे ते कसं देतात बघा. प्रत्येकाची उंची मोजून गोळ्यांची संख्या ठरवतात, गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं यांना वगळतात, आणि आरोग्य कर्मचारी गोळी आपल्यासमोर गिळायला लावतात. म्हणजे औषध तेच, पण कुणाला, किती आणि कशासाठी हे आधी ठरलेलं. नेमकं हेच साथीत सुटलं.

लॅबमधलं रीडिंग आणि साइटवरचं रीडिंग

एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की प्रयोगशाळेतल्या पेशींवर आयव्हरमेक्टिन टाकलं तर कोरोनाचे विषाणू ४८ तासांत जवळजवळ नाहीसे होतात. बातमी खरी होती. पण आपण इंजिनीअर लोक आहोत, आकडे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

प्रयोगात औषधाची तीव्रता होती ५ मायक्रोमोलर. आयव्हरमेक्टिनचं रेणुभार साधारण ८७५. गुणाकार केला की होतात दर मिलिलिटरला सुमारे ४,४०० नॅनोग्रॅम. आणि माणसाने १२ मिलिग्रॅमची नेहमीची गोळी घेतली तर रक्तात जास्तीत जास्त किती चढतं? साधारण ३० ते ५० नॅनोग्रॅम. म्हणजे जवळजवळ शंभरपट फरक! दहा गोळ्या एकदम घेतल्या तरी ती पातळी गाठत नाही, आणि गाठायला गेलो तर विषाणूआधी आपलाच नंबर लागेल. काचेच्या भांड्यात पेशी मरत नाहीत म्हणून माणूस तेवढा डोस सहन करेल असं नसतं. व्हायवाला कुणी असं उत्तर दिलं असतं तर एक्स्टर्नलने तिथेच फाइल मिटली असती.

गोव्यात काय झालं

१० मे २०२१ ला गोव्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं की १८ वर्षांवरील प्रत्येकाला, लक्षणं असोत वा नसोत, आयव्हरमेक्टिन १२ मिलिग्रॅम रोज एक असं पाच दिवस द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मार्च २०२१ लाच सांगितलं होतं की कोविडसाठी हे औषध फक्त चाचण्यांमध्येच वापरावं. खुद्द मर्क कंपनीने फेब्रुवारीत म्हटलं होतं की कोविडवर उपयोग होतो असा शास्त्रीय आधार आम्हाला दिसत नाही. जी कंपनी औषध बनवते तीच "घेऊ नका" म्हणते, यावरून काय ते समजा! संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामीनाथन यांनीही लगेच या सल्ल्याची आठवण करून दिली.

पण गोव्याला हसण्याआधी ती वेळ आठवा. दुसऱ्याच दिवशी, ११ मेच्या पहाटे, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये काही तासांत २६ रुग्ण दगावले आणि ऑक्सिजनच्या पुरवठ्यावरून हाहाकार उडाला. आपल्या पनवेल-नवी मुंबईतही एका बेडसाठी लोक रात्रभर फोन फिरवत होते. अशा वेळी दहा-वीस रुपयांच्या गोळीवर विश्वास ठेवावासा वाटणं हा मूर्खपणा नव्हता, ती भीती होती. शिवाय एप्रिल २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही सौम्य आजारासाठी हे नाव "देता येईल" असं होतंच. मेच्या शेवटी आरोग्य सेवा महासंचालनालयाने ते काढलं, आणि सप्टेंबरमध्ये आयसीएमआर-एम्सच्या यादीतूनही ते गेलं.

आणि मग घोडे आले

आपल्याकडे माणसांसाठीच्या गोळ्या मेडिकलमध्ये सहज मिळत होत्या. अमेरिकेत तेव्हा चिठ्ठी लागायची. तिथे साथीच्या आधी आठवड्याला सरासरी ३,६०० चिठ्ठ्यांवर हे औषध दिलं जायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये तो आकडा एका आठवड्यात ८८,००० वर गेला. ज्यांना डॉक्टरांनी नकार दिला ते शेतीच्या सामानाच्या दुकानात गेले, कारण घोड्यांना द्यायची आयव्हरमेक्टिनची पेस्ट तिथे चिठ्ठीशिवाय मिळायची.

आता गणित बघू. उदाहरणाला आपलं माथेरान घेऊ, तिथे घोडे भरपूर. ३५० किलोचा घोडा धरला तर दर किलोला ०.२ मिलिग्रॅमप्रमाणे त्याला लागतील ७० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला त्याच हिशोबाने १२ मिलिग्रॅम. अमेरिकेतली घोड्याची ट्यूब ६.०८ ग्रॅमची असते आणि तिच्यात १.८७ टक्के औषध असतं, म्हणजे सुमारे ११४ मिलिग्रॅम. माणसाने पूर्ण ट्यूब घेतली तर साडेनऊपट डोस! बरं, थोडीशीच घेऊ म्हटलं तर ट्यूबच्या दांड्यावरची पहिली खूणच ११३ किलो वजनासाठी. गुरांचं इंजेक्शन तर एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं. त्यातला ५ मिलिलिटरचा एक चमचा प्यायला तर ५० मिलिग्रॅम, चारपटीहून जास्त. ज्या मोजपट्टीचा लीस्ट काउंटच एवढा मोठा, तिने बारीक माप घ्यायचं कसं?

हे नुसतं कागदावर नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये एक केस प्रसिद्ध केली. कोविड होऊ नये म्हणून एका व्यक्तीने गुरांना टोचायचं औषध तोंडाने प्यायलं. तिला भ्रम झाला, गुंगी आली, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, श्वास वाढला, हातपाय थरथरू लागले. नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये काढल्यावर ती बरी झाली.

मेंदूच का?

आयव्हरमेक्टिन जंतांच्या मज्जातंतूंमधल्या एका खास प्रकारच्या वाहिन्या उघडून ठेवतं. त्याने जंत लुळे पडतात. आपल्यात त्या वाहिन्या नाहीत, पण काहीशा तशाच वाहिन्या मेंदूत आहेत. मग नेहमीच्या डोसला आपल्याला काही का होत नाही? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा आहे, आणि त्यावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे छोटे पंप बसवलेले आहेत. औषध आत शिरलं की ते बाहेर फेकतात. तळघरात पाणी शिरलं की पंप लावतो ना, अगदी तसंच. पण पंपाची एक क्षमता असते. त्याहून जास्त पाणी आलं की तळघर भरतं. काही दुसरी औषधं हाच पंप अडवून ठेवतात, मग कमी डोसही जड जातो. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये जन्मतःच हा पंप बिघडलेला असतो. इतर कुत्र्यांना चालणारा मोठा डोस त्यांच्या जिवावर बेततो.

दुसरा मुद्दा पॅकेजिंगचा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना माहीत आहे की एकच आय.सी. कमर्शियल आणि मिलिटरी अशा वेगवेगळ्या ग्रेडमध्ये येतो. आतलं सर्किट तेच, पण कुठल्या परिस्थितीत तपासलंय ते वेगळं. औषधाचंही तसंच. पेस्टमध्ये आणि इंजेक्शनमध्ये औषधासोबत जे द्रावक असतात ते जनावरांसाठी आणि ठरावीक मार्गासाठी तपासलेले असतात, माणसाने प्यायला नाही. म्हणून तर आपल्याकडे जनावरांच्या औषधावर "माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी" अशी सूचना आणि जनावराच्या तोंडाचं चित्र असावं लागतं.

उलटी बाजूही आपल्याच रायगड जिल्ह्याने पाहिली आहे. डायक्लोफेनॅक हे आपलं अंगदुखीचं साधं औषध. ते गुरांना दिलं गेलं, मेलेली गुरं गिधाडांनी खाल्ली, आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन देशभरातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला उरलीसुरली गिधाडं जपायला लोकांना किती कष्ट पडले! एका शरीराला चालणारं औषध दुसऱ्याला विष ठरतं, ते असं.

मग खरं कसं कळतं?

"पण आमच्या काकांना फरक पडला!" यावर काय बोलायचं? काका बरे झाले हे खरंच. पण कोविडचे बहुतेक रुग्ण गोळीशिवायही बरे होत होते. म्हणून दोन गट लागतात, एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी. ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर अशी चाचणी झाली, तिचा निकाल मार्च २०२२ मध्ये आला. हॉस्पिटलात जाण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनेही हेच सांगितलं.

मग आधी फायदा दिसत कसा होता? इजिप्तमधला एक अभ्यास सगळीकडे दाखवला जात होता. लंडनमधल्या जॅक लॉरेन्स नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने असाइनमेंटसाठी तो वाचायला घेतला, तर प्रस्तावनेत दुसरीकडून उचललेला मजकूर! आकडे बघितले तर काही रुग्ण अभ्यास सुरू होण्याआधीच वारलेले. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला. सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल छापणाऱ्यांनी विशेष नोंद घ्यावी!

अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०२१ मध्ये "तुम्ही घोडा नाही, गाय नाही" अशा अर्थाचा संदेश टाकला, तो खूप गाजला. पुढे काही डॉक्टरांनी केस केली आणि मार्च २०२४ मध्ये तडजोड होऊन एफडीएने तो काढायचं मान्य केलं. यावरून "बघा, औषध खरं होतं" असं कुणी सांगेल. तो वाद डॉक्टरांना सल्ला द्यायचा एफडीएला अधिकार आहे का, याचा होता. चाचण्यांचे निकाल त्याने बदलत नाहीत. आणि मला विचाराल तर घोडा म्हणून चिडवल्याने कुणी औषध सोडत नाही. घाबरलेल्या माणसाला आधी आपलं ऐकून घेणारं कुणीतरी हवं असतं.

आपण काय करायचं?

पुढची साथ कधी येईल माहीत नाही, पण पावसाळ्यात पनवेलला डेंग्यू, मलेरिया, लेप्टो असतातच. तेव्हा एवढं करूया. रूममधला तो डबा आजच उघडा, नाव किंवा तारीख दिसत नसलेल्या गोळ्या बाजूला काढा. दुसऱ्याच्या उरलेल्या अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड घेऊ नका. कुणी नवा उपाय सांगितला तर तीन प्रश्न विचारा: कुणावर तपासलं? किती डोस? न घेणाऱ्यांचं काय झालं? गावी गोठा असेल तर गुरांची औषधं घरातल्या औषधांपासून लांब ठेवायला सांगा.

आणि चुकून कुणी असलं काही घेतलंच आणि उलट्या, झोकांड्या, अंधुक दिसणं, गुंगी किंवा झटके सुरू झाले, तर उलटी करवू नका, वाट बघू नका. रेक्टर सरांना किंवा मॅडमना उठवा, १०८ ला फोन करा, उपजिल्हा रुग्णालय गाठा, आणि औषधाची बाटली किंवा ट्यूब सोबत न्या. डॉक्टरांपुढे लाजून खोटं सांगू नका, काय घेतलं हे कळलं तरच त्यांना उपचार करता येतात. रेक्टर आणि स्टाफला एकच विनंती: रात्री दोनला कुणी दार वाजवलं तर रागवायचं सकाळी, आधी गाडी काढा.

डॉक्टरची रांग कंटाळवाणी असते, मान्य आहे. पण त्या रांगेत निदान आपलं वजन तरी आपलंच धरतात, घोड्याचं नाही!