पोर्तुगीज वास्तूंची सफर तापीकाठून

पोर्तुगीज वळणाची गावं पाहायची म्हटली की सुरतकर गोव्याचं तिकीट काढतात. ही सफर घराजवळून, चौक बाजारातल्या किल्ल्यापासून सुरू व्हायला हवी.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा परवाना नसलेलं गलबत समुद्रावर सुरक्षित नसे. १५३० मध्ये त्यांनी सुरत जाळली. पुढे गुजरातच्या सुलतानाचा सरदार खुदावंद खान याने तापीकाठी किल्ला उभारला. दगड लोखंडाने जखडले, सांध्यांत शिसं ओतलं. वरची चौखंडी मात्र पोर्तुगीज धाटणीची होती! ती उठू नये म्हणून फिरंग्यांनी मोठ्या रकमा देऊ केल्या आणि खानाने त्या झिडकारल्या, असं अकबरकालीन इतिहासकार निजामुद्दीन अहमद लिहितो. ज्यांच्या तोफा थोपवायच्या होत्या, त्यांचीच बांधणी खानाला उचलावीशी वाटली. तिची ओढ इतकी जुनी आहे.

ती बांधणी नांदती पाहायची तर दमणला जावं. सुरतहून रेल्वेने वापी गाठली की पुढे दहा-बारा किलोमीटर. १५५९ मध्ये पोर्तुगीजांनी दमण घेतलं आणि मोटी दमणला खंदक-बुरुजांचा कोट बांधला. आतले रस्ते काटकोनात आखलेले, त्यामुळे पायी हिंडताना वाट चुकत नाही. १६०३ साली पूर्ण झालेल्या बॉम जीझस चर्चची कोरीव लाकडी वेदी सावकाश पाहावी. दमणगंगेपलीकडे नानी दमणच्या किल्ल्याच्या दारावर संत जेरोम उभे आहेत. काही ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून कानी पडते.

वसईही पोर्तुगीजांचीच होती, ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. तिथल्या किल्ल्यातली बहुतेक चर्च आज पडकी आहेत. दमण डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं, म्हणून इथल्या कोटात राबता टिकला. गुजरातेत दारूबंदी असल्याने अनेकांनी या गावाची ओळख बाटलीपुरती करून टाकली, याचं वाईट वाटतं.

तेव्हा आधी सुरतेचा किल्ला आणि मग दमण, असा क्रम ठेवा. मुलांना सोबत न्या, १५३० ची आग त्यांना सांगा. या देखण्या भिंती समुद्रावरच्या जरबेतून उभ्या राहिल्या, हे ठाऊक असलेल्या डोळ्यांनाच त्यांचं सौंदर्य पुरतं दिसतं.